शांततेचे ऋण

रानात जाणारा मनुष्य तेथे काय घेण्यास जातो, असा प्रश्न केला तर बहुतेक सुशिक्षित माणसे एकच उत्तर देतील, की शांतता. जळण, मध, चारा किंवा औषधी मुळ्या यांसाठी रानात शिरणाऱ्यांची गोष्ट निराळी. ते काही तरी घेऊन येतात आणि रान तेवढ्यापुरते उणे होते. आपण मात्र रिकाम्या हातांनी जातो व रिकाम्या हातांनी परततो. सबब आपली भेट निर्दोष आहे, अशी आपली समजूत असते. ही समजूत कितपत खरी, याचा विचार येथे करावयाचा आहे. विचाराला निमित्त इंग्लंडमधील एका रानाचे झाले. परंतु प्रश्न त्या रानापुरता नाही.

लंडन शहराच्या ईशान्य कडेपासून एसेक्स परगण्यात एपिंगचे रान पसरले आहे. दक्षिणेस मॅनॉर पार्कपासून उत्तरेस एपिंग गावापलीकडे त्याची लांबी सुमारे १२ मैल, आणि क्षेत्र सुमारे ६,००० एकर. लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकावर भुयारी रेल्वेत बसावे. काही वेळाने गाडी भुयारातून उघड्यावर येते, घरांच्या रांगा विरळ होतात आणि लाउटनचे स्थानक येते. तेथून पायी थोडे चढून गेले, की रस्ता संपतो आणि झाडी सुरू होते. जगातील एका अत्यंत गजबजलेल्या शहराच्या इतक्या निकट इतके जुने रान असावे, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही.

मी गेलो तो नोव्हेंबरातील एक आडवार होता. बीच वृक्षांची पाने तांब्याच्या रंगाची झाली होती व वारा नसतानाही एकेक गळत होती. पायांखालच्या पाचोळ्याचा आवाज तेवढा येई. थांबलो, की तोही थांबे. मधूनच एखादी खार खोडाआड सरके, एखादा सुतार पक्षी दूरवर लाकडावर चोच आपटी, आणि पुन्हा सारे पूर्ववत् होई. लाउटन कॅम्प या नावाने ओळखला जाणारा मातीचा एक जुना कोट या रानात आहे. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी लोहयुगातील लोकांनी तो उभारला; आज त्याच्या तटावर झाडे वाढली आहेत, आणि ठाऊक नसेल तर तो कोट आहे हे ध्यानातही येऊ नये. अशा ठिकाणी मनुष्य उभा राहिला म्हणजे त्याला साहजिकच वाटते, की येथे माणसाचे सर्व कर्तृत्व मातीत मिळून गेले आहे आणि उरली आहे ती केवळ निसर्गाची शांतता. मलाही तसेच वाटले. परंतु अर्ध्या घटकेतच ही कल्पना मला सोडावी लागली; आणि ती सोडावयास लावली ती तेथील झाडांनीच.

या झाडांची ठेवण चमत्कारिक आहे. खोड पुरुष-दोन पुरुष उंचीपर्यंत एकच, आणि तेही फार जाड. तेथे गाठी-गाठींचा एक सुजल्यासारखा माथा. आणि त्या माथ्यातून एकदम आठ-दहा-पंधरा मोठ्या फांद्या सरळ आकाशाकडे गेलेल्या. आपल्याकडील दीपमाळेचे सगळे हात अंगावर न फुटता शेंड्यातूनच एकत्र फुटावेत, तसा काहीसा प्रकार. एकच झाड असे असते तर वीज पडून शेंडा मोडला असेल, असे म्हणता आले असते. परंतु बीच, ओक, हॉर्नबीम अशा सर्व जातींची हजारो झाडे एकाच उंचीवर एकाच रीतीने फुटलेली पाहिली, की हे निसर्गाचे काम नव्हे, हे ओळखण्यास वनस्पतिशास्त्र यावे लागत नाही. ही झाडे माणसांनी छाटलेली आहेत. एकदा नव्हे, तर शतकानुशतके, पिढ्यान् पिढ्या. अशी पुरातन छाटलेली झाडे या एका रानात ५०,००० हून अधिक आहेत.

ही छाटणी आसपासच्या गावांतील गरीब लोक आपल्या हक्काने करीत. हिवाळ्यात चूल व शेकोटी पेटती ठेवण्यासाठी त्यांना जळण लागे, आणि ते रानातून मिळविण्याचा हक्क त्यांना परंपरेने होता. मात्र या हक्काला नियमांचे कुंपण होते. लाउटन गावी ११ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीपासून २३ एप्रिलपर्यंतच फांद्या तोडता येत. त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही. खोडाला हात लावावयाचा नाही. घाव घालावयाचा तो गुरांच्या तोंडाला न पोहोचणाऱ्या उंचीवर, म्हणजे नवे फुटलेले कोंब गुरे खाणार नाहीत. एकदा छाटलेले झाड पुन्हा दहा-पंधरा वर्षे वाढू द्यावयाचे. खाली गुरे चरत, वर जळण वाढे, आणि झाड दोहोंनाही पुरून उरे. नवलाची गोष्ट अशी, की अशा रीतीने वेळोवेळी छाटलेले झाड न छाटलेल्या झाडापेक्षा पुष्कळ अधिक वर्षे जगते. कारण माथ्याचा भार हलका राहतो आणि वादळात ते उन्मळून पडत नाही. ज्या प्राचीन वृक्षांकडे पाहून आपल्याला अनादि निसर्गाचा भास होतो, ते वृक्ष इतके प्राचीन झाले ते कुऱ्हाडीमुळे, हे सत्य पचविण्यास थोडे कठीण आहे.

मला ते विशेष कठीण गेले, आणि त्याचे कारण सांगणे प्राप्त आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी सह्याद्रीतील एका रानात मी असाच शांततेच्या शोधात गेलो होतो. पहाटेची वेळ होती. दरीत धुके होते. माझ्या मनासारखी निःशब्दता होती. इतक्यात खालच्या पायवाटेने चार-पाच स्त्रिया डोक्यावर लाकडांच्या मोळ्या घेऊन आपापसांत मोठ्याने बोलत वर आल्या. माझा रसभंग झाला. एवढ्यावरच मी थांबलो असतो तरी बरे. परंतु मी त्यांना थांबवून, रान असे तोडीत राहिलात तर तुमच्या मुलांना काय राहील, असे चार शब्द सुनावले. त्यांतील एक वयस्कर बाई मोळी न उतरविता क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, ‘दादा, ही वाळलेली आहेत.’ मग त्या निघून गेल्या. मोळीत खरोखरच वाळक्या काटक्या होत्या; मी नीट पाहिलेही नव्हते. एपिंगच्या रानात त्या छाटलेल्या झाडांखाली उभा असताना मला ती बाई आठवली, आणि माझ्या शांतिप्रियतेविषयी मला प्रथमच शंका आली.

या रानाचा इतिहास त्या शंकेला बळकटी देणारा आहे. बाराव्या शतकापासून हे राजाचे मृगयावन. हरणे राजाची, जमीन निरनिराळ्या जमीनदारांची, आणि चराई व जळण यांचे हक्क रयतेचे, अशी त्यात तिघांची गुंतागुंत होती. या गुंतागुंतीमुळेच कोणा एकाला रान गिळंकृत करता येत नव्हते. एकोणिसाव्या शतकात शिकारीचे महत्त्व उरले नाही आणि लंडन वाढू लागले, तेव्हा जमिनीची किंमत चढली. राजसत्तेने आपले हक्क जमीनदारांना विकण्यास आरंभ केला. शेजारच्या हेनॉल्ट रानाचा वनाचा दर्जा १८५१ साली कायद्याने काढून घेण्यात आला, आणि पाहता पाहता त्याचा बहुतेक भाग तोडला जाऊन तेथे शेते झाली. एपिंगलाही हीच गत येणार, हे उघड दिसत होते. लाउटनच्या जमीनदाराने — गावचा धर्मोपदेशकही तोच होता — रानाच्या मोठ्या भागाला कुंपण घातले व लाकूडतोडीस मनाई केली.

त्या गावात टॉमस विलिंगेल या नावाचा एक मजूर होता. कुंपण पडले तरी हिवाळ्यात तो आपल्या घरच्या माणसांसह नेहमीप्रमाणे फांद्या तोडण्यास गेला. हक्क वर्षानुवर्षे बजावला नाही तर तो बुडतो, हे त्याला पक्के ठाऊक होते. १८६६ साली त्याच्या कुटुंबातील तिघांना तुरुंगात जावे लागले. ही वार्ता लंडनपर्यंत पोहोचली. सार्वजनिक कुरणे व राने वाचविण्यासाठी नुकतीच, १८६५ साली, एक संस्था स्थापन झाली होती. तिने त्याच्या वतीने दावा लावला. निकाल लागण्यापूर्वीच, १८७० साली, विलिंगेल वारला आणि त्याच्याबरोबर त्याचा दावाही संपला.

पुढची लढाई लंडनच्या नगरसभेने चालविली. तिला दावा लावण्याचा अधिकार कसा प्राप्त झाला, ही गोष्ट मनोरंजक आहे. नगरसभेने या रानाच्या हद्दीत दफनभूमीसाठी जमीन घेतली होती, आणि त्या जमिनीबरोबर रानात गुरे चारण्याचा हक्क चालत आला होता. त्या हक्काच्या आधारावर तिने १८७१ साली फिर्याद केली, आणि १८७४ साली न्यायमूर्ती सर जॉर्ज जेसेल यांनी कुंपणे बेकायदा ठरविली. मृतांसाठी घेतलेल्या जमिनीने जिवंतांना रान मिळवून दिले! १८७८ साली पार्लमेंटने एपिंग रानाचा कायदा केला, रान नगरसभेच्या ताब्यात आले, आणि ६ मे १८८२ रोजी व्हिक्टोरिया राणीने हाय बीच येथे येऊन ते लोकांच्या उपभोगासाठी कायमचे खुले केले.

इथपर्यंतची कथा ऐकून कोणाचेही मन प्रसन्न होईल. गरिबाने धैर्य दाखविले, सज्जनांनी साह्य केले, न्याय मिळाला. परंतु कायद्यातील एक कलम या प्रसन्नतेला छेद देते. ज्या लाकूडतोडीच्या हक्कासाठी विलिंगेलच्या घरची माणसे तुरुंगात गेली, तो हक्क या व्यवस्थेत कायमचा रद्द झाला. रान फिरावयास येणाऱ्यांसाठी राखावयाचे, त्याचे नैसर्गिक रूप टिकवावयाचे, आणि नैसर्गिक रूपात कुऱ्हाडीला जागा कोठून असणार? नुकसानभरपाई म्हणून लाउटनकरांना एक सभागृह मिळाले. १८८४ साली ते उघडले आणि आजही उभे आहे. त्याचे नावच ‘लॉपिंग हॉल’, म्हणजे फांद्या तोडण्याच्या हक्काच्या बदल्यात मिळालेले घर. त्यात व्याख्याने होत, वाचन होई. चुलीच्या बदल्यात ग्रंथ मिळाले, असे म्हणता येईल. आणि ज्यांच्या घरी कोळसा घेण्याची ऐपत होती, त्यांना हा सौदा वाईटही वाटला नसेल.

आता प्रश्न असा उभा राहतो. एका रानावर दोन माणसे प्रेम करीत आहेत. एकाचे प्रेम पाहणाऱ्याचे, दुसऱ्याचे राबणाऱ्याचे. या दोहोंत श्रेष्ठ कोणते, आणि दोहोंचा विरोध आला तर कोणी मागे सरावे?

पाहणाऱ्याची बाजू लंगडी नाही. त्याला रानापासून काही मिळवावयाचे नसते; म्हणून त्याचे प्रेम निरपेक्ष असते. जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात सौंदर्याच्या आनंदाचे लक्षणच हे दिले, की त्यात वस्तूच्या उपयोगाची अपेक्षा नसते. आपल्याकडेही निष्कामतेचा महिमा थोडा नाही. शिवाय व्यवहाराच्या दृष्टीनेही पाहणाऱ्याचे म्हणणे ऐकावे लागते. विलिंगेल धैर्यवान होता, पण एकटा विलिंगेल रान वाचवू शकला नाही. लंडनमधील सुस्थित लोकांची सहानुभूती, त्यांचे वकील आणि त्यांचा पैसा यांवाचून आज येथे घरांच्या रांगाच असत्या. राबणाऱ्याने नेहमी मर्यादा पाळली, असाही इतिहास नाही. गरज वाढली किंवा बाजारात भाव चढला म्हणजे जुनी मर्यादा मोडल्याची उदाहरणे सर्व देशांत सापडतील. तेव्हा राबणारा तेवढा पुण्यवान आणि पाहणारा तेवढा दांभिक, अशी सोपी वाटणी करून चालणार नाही.

तथापि पाहणाऱ्याच्या निष्कामतेत एक खोट आहे. गीतेने सांगितलेली निष्कामता ही कर्मातील निष्कामता होय. काही न करणाऱ्याच्या इच्छारहिततेला तिने थोरवी दिलेली नाही. आपल्या घरी विजेची किंवा गॅसची शेगडी आहे म्हणून आपल्याला रानातील फांदीची इच्छा होत नाही. ही विरक्ती नसून सोय आहे. आपली चूल ज्या खाणीतील कोळशावर किंवा ज्या धरणाच्या पाण्यावर पेटते, तेथील डोंगर व तेथील माणसे आपल्या दृष्टीआड असतात एवढेच. आपली गरज आपण दुसऱ्या ठिकाणी भागवून घेतली, आणि मग रिकाम्या हातांनी रानात येऊन, ज्याची गरज येथेच भागते त्याला लोभी ठरविले. ईशावास्योपनिषदाच्या आरंभीच्या मंत्रात भोगाची सांगड त्यागाशी घातली आहे. ती सांगड मला लाउटनच्या लाकूडतोड्याच्या नियमांत अधिक स्पष्ट दिसते: फांदी घ्यावी, पण खोड सोडावे, थंडीत घ्यावे, पण बहरात सोडावे, आज घ्यावे, पण पुढे बारा वर्षे त्या झाडाकडे वळू नये. त्याला जळण हवे होते, तो निष्काम नव्हता. पण त्याच्या कामनेला आत्मसंयमाचा काठ होता. पाहणाऱ्याला असा काठ कोणी घालून दिलेला नाही; कारण पाहण्याने काही खर्च होते, हेच त्याला मान्य नसते.

या प्रश्नाचा निकाल, नवलाची गोष्ट, झाडांनीही दिला आहे. छाटणी बंद झाल्यावर त्या जुन्या माथ्यांतील फांद्या अनिर्बंध वाढल्या. पूर्वी मनगटाएवढी झाली की जी फांदी तोडली जाई, ती स्वतःच वृक्षाएवढी झाली. तिच्या भाराने जुनी, आतून पोकळ खोडे चिरू लागली. वर पानांचे छत मिटले, खाली ऊन पोहोचेना. जेथे फुलझाडे, झुडपे व फुलपाखरे होती तेथे काळोखा पाचोळा उरला. मला जी गंभीर, मंदिरासारखी छाया वाटली होती, ती पुष्कळ अंशी एका बंद पडलेल्या कामाची छाया होती. कवी व कारागीर विल्यम मॉरिस हा १८३४ साली या रानाच्या शेजारी जन्मला आणि लहानपणी त्यात हिंडला. १८९५ साली रानाच्या व्यवस्थापकांनी झाडे विरळ करण्यास घेतली तेव्हा त्याने वृत्तपत्रातून निषेध केला. त्याला प्रिय होती ती हॉर्नबीमच्या छाटलेल्या झाडांची अनोखी दाटी, म्हणजे मानवी हाताने घडविलेलेच रूप. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून मात्र रानाच्या रक्षकांनी पुन्हा कुऱ्हाड — आता यांत्रिक करवत — हाती घेतली आहे. शंभर वर्षे न छाटलेले झाड एकदम छाटले तर मरते. म्हणून ते टप्प्याटप्प्याने, जपून हलके करावे लागते. लांब शिंगांची गुरेही पुन्हा चरावयास सोडली आहेत. त्यांच्या गळ्यांत यंत्र बांधलेले असते आणि ते त्यांना हद्दीबाहेर जाऊ देत नाही. विलिंगेल जे फुकट करी, ते आता पगारी माणसे विज्ञानाच्या आधाराने करतात.

१८७८ या सालाचा उल्लेख वर आला आहे. मराठी वाचकाला हे साल आणखी एका कारणाने ओळखीचे असावयास हवे. ज्या वर्षी एपिंगचा कायदा झाला, त्याच वर्षी हिंदुस्थानात वन-कायदा झाला, आणि आपल्याकडील राने सरकारी राखीव वने होऊ लागली. ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत भाताचे रोप टाकण्यापूर्वी जमीन भाजण्याची, म्हणजे राबाची, चाल आहे. त्यासाठी शेतकरी झाडांचे टहाळ तोडून आणीत, आणि त्यांनी छाटलेली झाडे एपिंगच्या झाडांची भावंडेच शोभली असती. नव्या व्यवस्थेत ज्याला आपण हक्क समजत होतो ती सरकारची सवलत ठरली, आणि सवलत केव्हाही काढून घेता येते. जोतीराव फुले यांनी १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याच्या या जाचावर कोरडे ओढले आहेत. तक्रारी इतक्या वाढल्या, की १८८५ साली मुंबई सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. पुढे १९३० साली जंगल सत्याग्रह झाला, आणि त्या वर्षी २५ सप्टेंबरला चिरनेर येथे गोळीबारात माणसे पडली. २००६ साली वनहक्कांचा कायदा झाला, आणि २००९ साली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला सुमारे १,८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. तेव्हा कोठे हे चक्र थोडेसे उलटे फिरले.

लंडनमध्ये कायद्याने कुंपणे पाडली व हिंदुस्थानात कायद्याने ती घातली, हा भेद मोठा आहे आणि तो विसरता कामा नये. एका ठिकाणी गरिबामागे उभी राहण्यास नगरसभा होती, दुसऱ्या ठिकाणी कोणी नव्हते. परंतु दोन्ही कायद्यांत एक गोष्ट समान होती: फांदी तोडणारा हात हा रानाचा शत्रू, असे दोहोंनीही गृहीत धरले. त्या गृहीताचेच एक लहानसे पिल्लू, शंभरांहून अधिक वर्षांनी, सह्याद्रीच्या पायवाटेवर माझ्या तोंडून बोलले होते. मी कोणताही कायदा वाचलेला नव्हता. पण सुशिक्षिताच्या मनात तो न वाचताच उतरलेला असतो.

संध्याकाळी मी उत्तरेकडे एपिंग गावाच्या बाजूस निघालो. तेथे बेल कॉमन नावाचे मोकळे मैदान आहे. त्यावर क्रिकेट खेळतात. मैदानाच्या खालून लंडनला वेढणारा मोठा मोटाररस्ता जातो. १९८४ साली त्याचा हा भाग पुरा करताना रानाची कड तुटू नये म्हणून तो येथे बोगद्यातून नेला. वर गवत, खाली अखंड रहदारी. हा उपाय योग्यच होता. दुसरा मार्ग निवडला असता तर रानाची हानी झाली असती. परंतु त्या गवतावर उभा असताना मला वाटले, की आपण ज्याला शांतता म्हणतो ती पुष्कळदा याच जातीची असते. गोंगाट नाहीसा झालेला नसतो. कोणी तरी खर्च करून तो दृष्टीआड ठेवलेला असतो.

मग मनुष्याने रानात जाऊच नये की काय? तसे मला वाटत नाही. थकलेल्या मनाला झाडांखाली विसावा मिळतो, हे सत्य आहे, आणि गरीब-श्रीमंत सर्वांना त्याची गरज आहे. एपिंगचे रान वाचले ते या गरजेच्या जोरावरच. आनंदाची लाज वाटून घेण्याने विलिंगेलचे किंवा त्या मोळीवाल्या बाईचे काही भले होणार नाही. प्रश्न आनंद सोडण्याचा नसून त्याचे ऋण ओळखण्याचा आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही तीन ऋणे आपल्या परिचयाची आहेत. शतपथ ब्राह्मणाने त्यांत चौथ्या मनुष्यऋणाची भर घातली आहे. आपल्या आधी जे या जगात राबून गेले आणि ज्यांचे नावही आपल्याला ठाऊक नाही, त्यांचेही आपण देणे लागतो, असा त्याचा अर्थ मी करतो. रानातील शांतता या चौथ्या ऋणात मोडते.

ऋण फेडण्याचे मार्ग मोठे नाहीत. ज्या रानात आपण विसावतो ते कोणाच्या हातांनी घडले व कोणाच्या हातांतून गेले, हे जाणून घ्यावे. लाकूडतोड्याने आपल्या कुऱ्हाडीला मर्यादा घातली तशी आपण आपल्या पावलांना, वाहनांना व आवाजाला घालावी. कारण हजारोंची पावलेही मुळांवरची माती दाबून टाकतात, आणि रिकाम्या हातांनी येणारा काहीच नेत नाही, हे खरे नाही. आणि रान राखण्याचा विषय निघेल तेव्हा, तेथे राहणाऱ्याला आधी बोलू द्यावे. तो नेहमी बरोबरच असेल असे नाही. परंतु त्याची मोळी पाहण्यापूर्वी तिच्याविषयी मत देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

परतताना वाटेत नुकतेच छाटलेले एक हॉर्नबीमचे झाड दिसले. खोड कित्येक शतकांचे, वेडेवाकडे, एका बाजूने पोकळ. माथ्यावरच्या दोन-तीन जाड फांद्या कापलेल्या होत्या, आणि कापलेल्या जागेच्या कडेने गेल्या उन्हाळ्यात फुटलेल्या बोटाएवढ्या काठ्या वर आल्या होत्या. त्यांच्या टोकांशी पुढल्या वसंताच्या कळ्या होत्या. जवळच जमिनीवर कापलेल्या लाकडाचा ढीग रचून ठेवला होता. किड्यांना व बुरशीला आसरा मिळावा म्हणून तो तेथेच कुजू देतात. मला मात्र तो ढीग पाहून, ही मोळी कोणाच्या चुलीपर्यंत पोहोचली असती, हाच विचार आला; आणि अंधार पडू लागला तेव्हा मी स्थानकाची वाट धरली.